मारेगावच्या छत्तीस व्हायल

किसनरावांना रिपोर्टात फोन नंबर हवे होते. बाकी काही नाही. त्या एका रकान्यापायी माझ्या हातून काय झालं, ते मी आता कुठलाही आडपडदा न ठेवता सांगणार आहे. तसा मला आडपडदा फार प्रिय आहे. आमच्या पिंपळापुरे घराण्यात तीन पिढ्या कारकुनी चालत आलेली आहे, आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

किसनराव आमच्या संस्थेचे सचिव. संस्थेचं कार्यालय आणि औषधभांडार यवतमाळात, आणि जिल्ह्यात सात ठिकाणी छोटी रुग्णालयं. कापूस वेचणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात, म्हणून प्रत्येक रुग्णालयात सर्पविषावरचं औषध ठेवावं लागतं. दवाखान्यातली मंडळी त्याला एएसव्ही म्हणतात आणि त्याच्या छोट्या बाटलीला व्हायल. कुठे किती व्हायल शिल्लक आहेत, हे सांगणारा रिपोर्ट रोज सकाळी संगणकातून निघतो. त्या रिपोर्टाचा आणि एकूणच संगणकाचा प्रभारी मी. बारा वर्षांपूर्वी मी दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, हा माझा गुन्हा.

"नीळकंठराव," किसनराव सोमवारी म्हणाले, "मारेगावला किती माल आहे ते दिसतं, पण मारेगावला फोन करायचा तर नंबर शोधत बसावं लागतं. नावासमोर नंबर टाकून द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

जे काम दुसऱ्यानं करायचं असतं ते नेहमी पाच मिनिटांचंच असतं.

आता हा रिपोर्ट आकडे आणतो कुठून? संगणकाच्या पोटात एक कृती लिहून ठेवलेली असते. तिला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. तिचं नाव घेतलं की ती उठते, या तक्त्यातून थोडं, त्या तक्त्यातून थोडं असं गोळा करते, बेरीज करते आणि आणून समोर ठेवते. ही कृती अनिकेत नावाच्या मुलानं लिहिली होती. तो पुण्याला मोठ्या कंपनीत गेला आणि जाताना कृतीच्या मधोमध एक ओळ लिहून गेला: 'इथे हात लावू नये.' का लावू नये ते लिहिलं नाही. विजेच्या डब्यावर कवटी काढतात, निदान त्यावरून कारण तरी कळतं.

मी दोन दिवस हात लावला नाही. मंगळवारी संध्याकाळी अंगणात उभा राहून ही अडचण बायकोला सांगत होतो, तर ती कुंपणापलीकडे राजदीपच्या कानावर गेली. राजदीप आमचा शेजारी, संगणकाचे क्लास चालवतो. त्याला न येणारी गोष्ट अजून निघालेली नाही.

"काका, त्यात काय? फोन नंबरचं टेबल वेगळं असंल. दवाखान्याच्या टेबलाले जोडून टाका. जॉइन मारायचा अन् मोकळं व्हायचं."

"पण हात लावू नये असं लिहिलंय."

"असं सगळेच लिहितात काका. आपल्यामागं आपलं नाव निघावं म्हणून."

माझी बायको शुभदा म्हणाली, "अहो, त्या अनिकेतला एकदा फोन करून विचारा ना." मी म्हटलं, पोराच्या वयाच्या माणसाला काय विचारायचं? हे वाक्य नीट ध्यानात घ्या. या साऱ्या प्रकरणात चूक टाळण्याची जी एकमेव संधी मला मिळाली, ती मी या वाक्यानं घालवली.

बुधवारी मी जॉइन मारला. आधी राजदीपच्या सल्ल्यानं सगळ्या माहितीची एक सरावाची प्रत केली, तिच्यावर हात साफ केला, मग तोच बदल असली माहितीत केला. रिपोर्ट काढला. नावासमोर फोन नंबर! तपासणी म्हणून ढाणकीच्या रुग्णालयाला फोन लावला. रिपोर्ट म्हणे चौदा, त्यांच्या कपाटात चौदा. एक शीत दाबून पाहिलं, भात शिजला असं समजलो. खाली सही ठोकली: नीळकंठ पिंपळापुरे, प्रभारी, संगणक कक्ष.

त्या रिपोर्टात मारेगावसमोर छत्तीस होते.

गुरुवारी किसनरावांनी रिपोर्ट वाचला आणि त्यांना न्यायाची उबळ आली. मारेगावला छत्तीस आणि ढाणकीला चौदाच? मारेगावच्या दहा ढाणकीला हलवा! त्याच सकाळी गाडी गेली. मारेगावची परिचारिका रंजिता, हिनं मला फोन केला. "सर, रिपोर्टात छत्तीस काहून दिसून राह्यले?"

मी विचारायला हवं होतं, की बाई, तुझ्याकडे किती आहेत? त्याऐवजी मी म्हणालो, "संगणकात आहेत म्हणजे आहेत." माझा आवाज असा होता, की तिला वाटलं उरलेला माल वाटेवर असेल. तिनं दहा व्हायल काढून दिल्या. तिच्या कपाटात मुळात बाराच होत्या.

शुक्रवारी सकाळी दहा चाळीसला तिचा फोन आला.

"सर, मोतीबाई म्हणून बाई आणली हाये तांड्यावरून. कापूस वेचताना परडानं चावलं." घोणसेला आमच्याकडे परड म्हणतात. "काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, गोठलंच नाई. माह्याकडच्या दोन्ही लावल्या. सरकारी दवाखान्यानं दहा देल्ल्या, त्या चालू हायेत. पण डॉक्टर मॅडम म्हणतात, सहा तासांनी अजून दहा लागतीन. सर, ते बाकीचे चोवीस कुठं हायेत?"

बाकीचे चोवीस! ते माझ्या टेबलावर होते. कागदावर.

"पाठवतो," मी म्हणालो. फोन ठेवला. आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मनात पहिला विचार मोतीबाईचा आला नाही. पहिला विचार असा आला, की खाली सही माझी आहे.

औषधभांडार तळमजल्यावर. भांडारपाल धर्मपाल हा माणूस नियमाला इतका पक्का, की स्वतःच्या डोकेदुखीची गोळीसुद्धा बाहेरून विकत आणतो.

"धर्मपाल, मारेगावला वीस एएसव्ही. लगेच."

त्यानं चष्मा लावला, सकाळचा रिपोर्ट काढला, बोट फिरवलं. "मारेगावले तं सव्वीस शिल्लक हायेत साहेब. सव्वीसवर वीस अजून कायले पाहिजे?"

छत्तीसमधून ढाणकीचे दहा वजा होऊन सव्वीस दिसायला हवेत, असं तुम्हालाही वाटेल. खरं म्हणजे आता रिपोर्टात सहा दिसायला हवे होते, कारण कपाटात उरल्या होत्या दोन आणि माझी कृती, हे मला नंतर कळलं, मारेगावचं जे असेल त्याच्या तिप्पट दाखवत होती. पण दहाची नोंद अजून व्हायची होती, म्हणून कागदावर छत्तीस तसेच होते आणि धर्मपालनं आपल्या हातानं, पेन्सिलीनं दहा वजा केले होते. प्रामाणिक माणूस. असल्या वेळी प्रामाणिक माणसाइतकी भीती कुणाचीच वाटत नाही.

"संगणकात थोडी गडबड आहे," मी म्हणालो.

"असंल. पण मंग हे पाहा." त्यानं भिंतीवरचं परिपत्रक दाखवलं. 'संगणकीय अहवालात तुटवडा दिसल्याशिवाय भांडारातून एकही व्हायल बाहेर जाणार नाही.' खाली सही: नीळकंठ पिंपळापुरे. मागल्या वर्षी हे परिपत्रक काढलं, तेव्हा मला भाषा फार भारदस्त साधली असं वाटलं होतं.

"किसनरावांना विचारू."

किसनराव ढाणकीला शेतकरी मेळाव्यात. फोन दुसऱ्याच कुणीतरी उचलला. "सायेब भाषणात हायेत. आत्ताच ठिबक सिंचनावर आले." किसनराव ठिबक सिंचनावर आले, की तासभर खाली येत नाहीत, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे.

मग मी ठरवलं, रिपोर्टच दुरुस्त करायचा. पंधरा मिनिटांत खरा आकडा आणायचा, धर्मपालसमोर ठेवायचा, आणि झाल्या प्रकाराची कुठे वाच्यता नको. हे मी जिने चढता चढता ठरवलं. माझे गुडघे वाईट आहेत, पण त्या दिवशी दोन दोन पायऱ्या चढलो.

ढाणकीचे चौदा बरोबर. मारेगावच्या बाराचे छत्तीस. म्हणजे तिप्पट. मारेगावात असं तीन काय आहे? मी फोन नंबरचा तक्ता उघडला. ढाणकीचा नंबर एक. मारेगावचे तीन: डॉक्टरांचा, दवाखान्याचा, रंजिताचा. मी दवाखान्याला फोन जोडले होते, म्हणून मारेगावचा साठा तीन नंबरांपुढे तीनदा उभा राहिला आणि बेरीज करणाऱ्यानं तो तीनदा मोजला. त्यात संगणकाचा काही दोष नव्हता. त्याला एक माणूस तीन दारांतून आत येताना दाखवला, त्यानं तीन माणसं मोजली.

ओळ बदलली. आधी साठ्याची बेरीज, मग त्या बेरजेला एकच नंबर. चालवली. मारेगाव बारा! डोळ्यांत पाणी आलं. रिपोर्ट छापला. रिपोर्टात छत्तीस.

पुन्हा छापला. छत्तीस.

एव्हाना खोलीत पाचसहा जण जमले होते. आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, "छपाईयंत्रात जुना कागद अडकला असेल." शिपाई म्हणाला, "साहेब, एकदा बंद करून चालू करून पाहा." मी बंद केला, चालू केला. सुरू व्हायला त्याला सात मिनिटं लागतात. त्या सात मिनिटांत मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो, आणि नळीतलं न गोठणारं रक्त डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते मी पाहिलेलंही नव्हतं.

संगणक सुरू झाल्यावर कळलं. मी सरावाच्या प्रतीत दुरुस्ती करत होतो. रिपोर्ट असलीतून निघत होता. घाबरलेल्या माणसानं दाढी करावी आणि आरशातल्या माणसाच्या गालाला साबण लावावा, तसं झालं होतं.

असलीत गेलो. दुरुस्ती टाकली. पडद्यावर गोल चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. कुणीतरी वर्षभराचा मोठा रिपोर्ट उघडून ठेवला असला, की तो संपेपर्यंत संगणक त्या कृतीला हात लावू देत नाही. मी दारात जाऊन ओरडलो, "सगळ्यांनी आपापल्या खिडक्या बंद करा!"

मला संगणकावरच्या म्हणायचं होतं. अख्ख्या मजल्यावर धडाधड लाकडी खिडक्या बंद होऊ लागल्या. शिपाई काठी घेऊन धावत आला. "कुठून आली माकडं, साहेब?"

अकरा पस्तीस झाले होते. फोन वाजला.

"सर, गाडी निघाली का?" रंजिताचा आवाज आता हळू होता. "हिरड्यांतून रक्त येऊन राह्यलं. तिचा घरवाला मले विचारते, का कुठवर आली गाडी. काय सांगू त्याले?"

मी तोंड उघडलं. 'निघाली' असं म्हणणार होतो. खोटं सांगायला मला आणखी फक्त एक शब्द लागत होता. तो बाहेर आला नाही.

"निघाली नाही," मी म्हणालो. "आता निघते."

खाली गेलो. धर्मपाल कुलपापाशी बसला होता. मी म्हणालो, "धर्मपाल, गडबड संगणकाची नाही. चूक माझी आहे. मारेगावला कधीच छत्तीस नव्हत्या. बारा होत्या, त्यातल्या दहा आपण काढून नेल्या. तिकडे एक बाई पडली आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढून पुढे केला. "लिहून द्या."

मी लिहिलं. अहवाल चुकीचा आहे, चूक माझी आहे, वीस व्हायल द्याव्यात. दोन ओळी. त्यानं कुलूप उघडलं, व्हायल मोजून डब्यात भरल्या, आणि डबा माझ्या हातात देताना म्हणाला, "नियम चार पाह्यला नाई का तुमी? 'अहवाल चुकीचा असल्यास प्रभारींनी तसे लेखी द्यावे.' तुमीच लिहिलेला हाये. मघाशीच लिहून देल्लं असतं, तं गाडी आता अर्ध्या वाटेवर, मोहद्याले लागली असती."

पंचावन्न मिनिटं. मी पंचावन्न मिनिटं माझी सही वाचवत होतो.

चालक रामसिंगच्या शेजारी मी स्वतःच बसलो. डबा मांडीवर. हे औषध पावडरीचं असतं, गचक्यानं त्याला काही होत नाही, हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक खड्ड्यावर मी डबा उचलून धरत होतो. कापसाच्या गाड्या पुढे, मागे आणि मधोमध. वाटेत शुभदाचा फोन आला, येताना अंबाडीची भाजी आणायची आठवण करायला. मी म्हणालो, "मी मारेगावला चाललोय." "काहून?" असं तिनं चक्क आमच्या गल्लीच्या भाषेत विचारलं, म्हणजे ती घाबरली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोचल्यावर फोन करा. आणि त्या बाईंच्या घरच्यांनी काही खाल्लं का, ते पाहा."

करंजीच्या पुढे रामसिंगनं विचारलं, "साहेब, वाचंल का ती?" मी म्हणालो, "पुढं पाहून चालव."

दीडच्या सुमारास पोचलो. डॉक्टर स्पृहा मॅडमनी डबा घेतला, झाकण उघडलं, मोजलं आणि इतकंच म्हणाल्या, "बरं झालं." मोतीबाई पन्नाशीच्या, सुजलेला पाय उशीवर, डोळे मिटलेले. रंजिताही त्यांच्याच बंजारा बोलीतली, त्यांच्या कानाशी वाकून "याडी, याडी", म्हणजे आई, आई, म्हणत होती. हिरड्यांपाशी कापसाचा बोळा धरला होता. तोच कापूस, जो मोतीबाई सकाळी वेचत होत्या, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

पाचला पुन्हा नळी भरली. वीस मिनिटांनी मॅडमनी ती तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. आणलेल्यांतल्या दहा चढवायला घेतल्या.

थोड्या वेळानं एक उंच माणूस दोन कप चहा घेऊन माझ्याजवळ आला. पूनमसिंग, मोतीबाईचा नवरा. एक कप मला दिला, दुसरा खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "साहेब, तुमी सोता औषध घेऊन आले. एवढा मोठा माणूस. आमच्यासाठी कोन येते?"

चहा माझ्या हातात होता. तो प्यायलो असतो आणि गप्प बसलो असतो, तर कुणाला काही कळलं नसतं. आत काय होईल ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. 

"पूनमसिंग, हात जोडू नका," मी म्हणालो. "इथल्या दहा व्हायल काल इथून गेल्या, त्या माझ्या चुकीनं. मी आकडा चुकवला. आणि आज ती चूक लपवण्यात पाऊण तासाच्या वर घालवला."

त्यानं ऐकलं. सगळं समजलं की नाही, कोण जाणे. जोडलेले हात खाली आले. आपला कप उचलला, न पिताच आत घेऊन गेला. रात्रभर तो पुन्हा बाहेर आला नाही. मीही बाक सोडला नाही. शुभदानं सांगितलं होतं म्हणून रामसिंगकडून पोळ्या मागवून आत पाठवल्या. त्या त्यांनी खाल्ल्या की नाही, हे विचारायची हिंमत झाली नाही.

सकाळी सहा वाजता रंजितानं मला दारातून हाक मारली. तिच्या हातात नळी होती. तिनं ती माझ्यासमोर तिरपी केली. मग आणखी तिरपी केली. मग पूर्ण उलटी केली. रक्त तळाला घट्ट धरून बसलं होतं. एक थेंब खाली आला नाही.

माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर गोष्ट पाहिली नाही, असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मी ती नळी तिच्या हातून घेतली आणि पुन्हा एकदा उलटी करून पाहिली.

आत मोतीबाईंनी डोळे उघडले होते. आपली ओढणी शेतात राहिली, ती कुणी आणली का, असं त्या विचारत होत्या. आणलेली नव्हती. त्यावरून त्यांनी नवऱ्याला हळू आवाजात, पण चांगलंच सुनावलं.

पूनमसिंग ते ऐकून बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं त्यानं.

"तो आकडा," तो म्हणाला, "दुरुस्त झाला का?"

"झाला. काल संध्याकाळी ऑफिसातल्यांनी फोनवर सांगितलं. माझी दुरुस्ती लागली आहे." मी खिशातून मोबाइल काढला. "हे पाहा, आजचा रिपोर्ट..."

"ते राहू द्या. कपाट दाखवा."

मी रंजिताकडे पाहिलं. तिनं किल्ली काढली. कपाट उघडलं. मी खोके बाहेर काढले आणि एकेक व्हायल बोटानं बाजूला सरकवत मोजल्या. दहा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसला आणि त्यानं स्वतः मोजायला घेतल्या, सावकाश, प्रत्येक बाटली उचलून, उजेडात धरून, परत ठेवून. त्याची बोटं कापसाच्या बोंडांनी चिरलेली होती. मधेच एकदा चुकला, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"दहा," तो म्हणाला. "आता लिवा." रंजितानं साठ्याची वही माझ्यापुढे केली.

मी लिहिलं.